दुसरा अंतरपाट

रॉकेट आकाशात फुटलं आणि ते सोडणारी माणसंच टाळ्या वाजवायला लागली, तेव्हा माझ्या हातातला चहा माझ्याच शर्टावर सांडला. परदेशातली चाचणी होती. आमच्या युसूफ वडगावातल्या पाण्याच्या टाक्या एकीवर एक रचत गेलं तरी ज्याच्या डोक्याला हात लागणार नाही एवढं ते धूड वर गेलं, जरा कलंडलं आणि बघता बघता त्याचा भुगा झाला. मला वाटलं, आता तिकडं रडारड होणार, चौकशी लागणार, कुणाच्या तरी पोटावर पाय येणार. तर ती माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. मी मोबाइल हलवून बघितला. वाटलं, चित्र एकीकडचं आणि आवाज दुसरीकडचा लागलाय.

बायको दुकानाच्या मागच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "येडी हायत का ही माणसं? घर जळाल्यावर कुणी पेढे वाटतं व्हय?"

उत्तर दिलं ते माझ्याजवळ गाद्यांच्या थप्पीवर बसलेल्या पोरीनं. "मामी, रिकामं हाय त्ये. आत माणूस बसायच्या आधी जेवढं फुटायचं तेवढं फुटून घ्यायलेत."

ती तेव्हा सातवीत होती. मी पन्नाशीला टेकलेला गडी, मुकाट्यानं शर्ट पुसत बसलो.

माझा धंदा मंडप आणि साउंडचा. लग्न, बारसं, कीर्तन, प्रचारसभा, तेरावं, कुठंही माझेच कर्णे. आयुष्य दुसऱ्याचा आवाज मोठा करून देण्यात गेलं. स्वतःला माईकवर काही म्हणायची वेळ कधी आली नाही आणि आली असती तर जीभ टाळ्याला चिकटली असती. रॉकेटचा नाद कधी लागला ते नीट सांगता येत नाही. पण आपलं यान चंद्रावर उतरणार होतं त्या संध्याकाळी मी शाळेच्या मैदानावर पडदा लावला आणि अख्खं गाव बोलावलं, तेव्हापासून लोक तोंडावर 'साउंडवाला' आणि पाठीमागं 'रॉकेटवाला' म्हणायला लागले. बाजाराच्या दिवशी कुणीतरी हटकून विचारणारच, "काय बे, तुझं रॉकेट कुठं पडलं? आमच्या तुरीत तर न्हाई ना?" मी शिव्या देतो. ते हसतात. पुढच्या उड्डाणाला त्यांतलेच दोघं-तिघं लाजत लाजत दुकानात येऊन बसतात.

पण खरी नादी ती पोर. तिची आई आमच्याच गावची लेक, दिलेली जवळच्या एका गावात. त्या गावाचं नाव मी घेत नाही. ही नवरा-बायको दर साल दिवाळी झाली की कर्नाटकात ऊस तोडायला जायची ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परत यायची. तेवढे महिने पोर आजीकडं, म्हणजे माझ्या गोदामाच्या मागच्या खोलीत. तिच्या आईला सख्खा भाऊ नाही. त्यामुळं गावच्या रिवाजानं मी मामा झालो आणि माझी बायको मामी. आजीला ऐकू कमी यायचं, पोरीला बोलायला माणूस लागायचं, आणि मला रॉकेटवर बोलायला कुणीही चाललं असतं. असं आमचं जमलं.

एकदा आपल्याकडच्या एका चाचणीत, पुढंमागं माणसं नेणाऱ्या यानाच्या चाचणीत, उलटी गिनती अगदी संपत आलेली आणि संगणकानं सगळं थांबवलं. सकाळपासून मी डोळे लावून बसलेलो. मी कपाळावर हात मारून घेतला. ती म्हणाली, "बरं झालं की मामा. थांबलं म्हंजी वाचलं." मग तिनं विचारलं, माणसाला थांबवायचं असलं तर कोण थांबवतं? मी वाचलं होतं तेवढं सांगितलं. तिकडं प्रत्येकाच्या समोर आपापला पडदा असतो. ज्याला काही वावगं दिसेल त्यानं मोठ्यानं 'होल्ड' म्हणायचं, एकदा नव्हे, लागोपाठ, म्हणजे कुणी ऐकलं नाही असं होत नाही. की घड्याळ थांबतं. का थांबवलं ते नंतर विचारायचं, आधी थांबायचं.

"सगळ्यात ल्हान मानूस असला तरी?"

"तरी."

"अन् साहेबाला राग आला तर?"

"राग नंतर. आधी होल्ड."

हे तिला इतकं आवडलं की पुढं आठवडाभर माझं डोकं उठलं. आजी वेणी घालताना केस ओढायची की 'होल्ड, होल्ड'. मी चालू वायरीला हात लावायला गेलो की 'होल्ड, होल्ड'. बायको पोळीवर जास्त तूप ओतायला लागली तर मात्र पोर गप्प राहायची.

या पावसाळ्यात आजी गेली. मातीला मीही गेलतो. पुढं दिवाळीनंतर या पोरीचं काय, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. ती बापाच्या गावी आहे, दर सालासारखी दिवाळी झाली की येईल, असं मी धरून चाललो.

तुळशीचं लग्न लागलं आणि आमचा हंगाम सुरू झाला. त्यातलं पहिलंच लग्न पोरीच्या चुलत बहिणीचं, तिच्या बापाच्या गावी. मंडप माझा, साउंड माझा. त्याच संध्याकाळी श्रीहरिकोट्यावरून एक जड उपग्रह वर जायचा होता. असं दर हंगामात होतं. माझी निम्मी उड्डाणं लग्नांनी खाल्लीत. मी मोबाइल ॲम्प्लिफायरला टेकवून ठेवला, आवाज बंद केला आणि एक डोळा तिकडं, एक डोळा स्टेजकडं असा बसलो.

आमच्याकडचं लग्न डोळ्यांनी नाही, कानांनी लागतं. मंडप एवढा लांबलचक की मागच्यांना नवरा कोणता आणि करवला कोणता ते कळत नाही. कर्ण्यातून शेवटचं 'सावधान' आलं की अक्षता उडतात, फटाके वाजतात आणि पंगतीकडं पळापळ होते. मुहूर्त पत्रिकेवर असतो, लग्न मात्र पुढाऱ्याच्या गाडीवर अवलंबून. त्या दिवशीही पुढारी उशिरा आले. मग फेटे बांधणं झालं, मग आशीर्वादाची भाषणं झाली. पुढच्या ओळीत सगळे फेटेवाले बसले होते: सरपंच, पाटील, मास्तर, शिकलेसवरलेले, सरकारी पगार घेणारे. सूर्य कलला. मोबाइलवर रॉकेट धुराच्या वाफा सोडत उभं होतं आणि कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत होतं.

गुरुजींनी माईक हातात घेतला. स्टेजवर ही गर्दी. माणसं जरा बाजूला झाली आणि मला दिसलं की अंतरपाट दोन धरलेत.

पत्रिकेवर जोडी एकच होती. पण तेवढ्यानं मी दचकलो नाही. एका मांडवात दोन लग्नं उरकायची आमच्याकडं पद्धतच आहे. थोरलीच्या मांडवात धाकटी, बहिणीच्या मांडवात भाऊ. तेच गुरुजी, त्याच अक्षता, तेच जेवण. पत्रिकेत एक नाव कमी असलं तर कुणी विचारत नाही, आणि ते कमी का आहे हे सगळ्यांना बरोबर ठाऊक असतं. मी माझा आवाज जुळवत बसलो. दुसरी नवरी बुटकी होती. मुंडावळ्यांमुळं तोंड दिसत नव्हतं.

गुरुजींनी पहिलं मंगलाष्टक संपवलं. सगळीकडून अक्षता उडाल्या. दुसरं सुरू करायला त्यांनी श्वास घेतला, आणि तेवढ्या जागेत कर्ण्यातून बारीक आवाज आला.

"होल्ड. होल्ड. होल्ड."

मांडवात माईकवर काय वाट्टेल ते ऐकू येतं; लेकरं रडतात, कुणाची गाडी आडवी लागलेली असते, कुणी खोकतं. कुणी मान वळवली नाही. मी मात्र खुर्चीवरून उठलो. तो आवाज मी कर्ण्यातूनच काय, कुठूनही ओळखला असता. एक क्षण मला खरंच वाटलं की मोबाइलमधून आला. मी मोबाइलकडं बघितलं. तिकडं गिनती चालूच होती.

मग मी मेन स्विच खाली ओढला.

कर्णे गेले, दिवे गेले, पंखे गेले. एवढा मोठा मांडव एकदम मुका झाला तसा माणसांचा गलका वर आला. "ए साउंडवाले!" "जनरेटर बघ बे!" गुरुजी माईक हातावर आपटत होते. मी स्टेजवर चढलो. कसा चढलो ते आठवत नाही. पोर तिथं उभी होती, हिरव्या साडीत, हातभर चुड्यात, एक हात खांद्यापर्यंत वर उचललेला. तो हात तिच्या चुलत्यानं मनगटाला धरून खाली ओढला होता, तरी बोटं वरच होती. अंतरपाटाच्या पलीकडचा नवरा मिशीवाला, चांगला बाप्या माणूस. माझ्या थोरल्या पोरापेक्षा मोठा.

तिच्या बापानं मला गाठलं. "काय झालं? मशीन गेलं का?"

"मशीन ठीक हाय," मी म्हणालो. "ही आठवीत हाय."

"तुमाला काय करायचंय? मशीन लावा."

"मी मामा हाय तिचा. मामाला न सांगता नवरी उभी कशी केली?"

मागून कुणीतरी माझी कॉलर धरली. मुलाकडचा असावा. गुरुजींच्या हातातला माईक मी ओढून घेतला आणि खाली माझ्या गड्याला ओरडून सांगितलं, स्विच चालू कर म्हणून. दिवे लागले. कर्ण्यातून शिट्टी निघाली. माझ्याच माईकवर, माझ्याच कर्ण्यांतून, मी जन्मात पहिल्यांदा बोललो. काय बोलायचं ठरवलेलं नव्हतं. "स्टेजवर दोन लग्नं लागायलीत. एक पत्रिकेतलं. दुसरी नवरी आठवीत शिकतीय. पुढच्या ओळीतल्या सगळ्या मान्यवरांनी नीट ऐकून घ्यावं." माझा आवाज मलाच परका वाटला. चिरका, रडका.

मला वाटलं होतं, लोक मला मारतील. मारलं नाही. जे झालं त्यानं मी जास्त हादरलो. पुढच्या ओळीतले फेटे एकेक करून उतरायला लागले. कुणी डोक्याला हात लावून हळूच काढला, कुणी शेजारच्याच्या मांडीवर ठेवला. पोरासोरांनी मोबाइल वर धरलेले बघून पुढारी उठले, घड्याळात बघितल्यासारखं केलं आणि गाडीकडं चालायला लागले. त्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. पोर हात वर करून उभी होती तेव्हा ठाऊक होतं. फक्त कर्ण्यातून कुणी म्हटलेलं नव्हतं, म्हणून ते चाललं होतं. कर्ण्यातून म्हटल्यावर 'आमच्या कानावर नव्हतं' म्हणायची सोय उरली नाही. मला शिसारी आली. त्यांच्या प्रचारसभांना हेच कर्णे मी लावले होते.

पुढचं भराभर झालं. ज्यांचं कामच असली लग्नं थांबवायचं त्यांतला एक जण फेटा नसलेल्या डोक्यानं स्टेजवर आला आणि आत्ताच कुठून तरी आल्यासारखा बोलायला लागला. मुलाकडच्यांनी अंतरपाट गुंडाळला. पोरीच्या आईनं तिला खस्सकन ओढून मागं नेलं. पहिलं लग्न मी लावून दिलं, पूर्ण आवाजात, कारण त्या नवरीचा काय गुन्हा? सामान भरताना मोबाइल सापडला, खुर्चीखाली. उड्डाण केव्हाच झालं होतं. यशस्वी, असं लिहिलं होतं.

घरी आलो तो छाती फुगवून, खोटं कशाला बोलू. बायकोला सगळं सांगितलं. थोरल्याला सांगितलं, धाकट्याला सांगितलं. एक पोर वाचवली म्हणून रीतसर चार घास जास्त जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीची आई अंगणात उभी. मागं पोर, हातात कापडी पिशवी, हातावर मेंदी तशीच.

"या," मी म्हणालो.

ती आत आली नाही. "दादा, काल तुमी बंद केलं ना? मग आता तुमीच सांगा. दुपारी ट्रॅक्टर निघायलाय. हिला कुठं ठिऊ?"

मला वाटलं होतं, ती भांडायला आलीय. त्याची तयारी होती. या प्रश्नाची नव्हती. "संगं न्या की," मी म्हणालो.

"उसाच्या फडावर?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी डोळे खाली घातले. "कोपी बघितलीय का कधी? पाचट अन् ताडपत्री. दार न्हाई तिला. आमी दोघं अंधार असतानाच तोडणीला जातो. दिवसभर ही एकली. ट्रॅक्टरवाले येतेत, मुकादमाची मानसं येतेत, पाणी द्या म्हणतेत. मागल्या साली आमच्या टोळीतल्या एका पोरीला…" ती थांबली. पोर तिच्या मागंच उभी होती. "माझी आई होती तवर काळजी न्हवती. आता ती न्हाई. मी का हिची वैरीण हाय? त्या पोराचं घर पक्कं हाय, दादा. दार हाय त्याला. म्हणून देत होते."

काल मांडवात एवढा बोललेलो मी, माझ्याच अंगणात खांबासारखा उभा राहिलो. माझी बायको पायरी उतरून खाली आली. "इथं ऱ्हाऊ दे तिला," ती म्हणाली. "आमच्याकडं."

मला वाटलं, आता ती बाई रडेल, पाया पडेल, काहीतरी होईल. तिनं अंगणभर नजर फिरवली. नळावर धाकटा तोंड धूत होता. थोरला गाडीला लाथा मारून ती चालू करत होता.

"अन् ह्ये दोघं?" तिनं विचारलं.

आधी मला कळलंच नाही. कळलं तेव्हा डोक्यात एकदम रक्त चढलं. माझी पोरं! ती पोर ज्यांच्या पाठीवर बसून लहानाची मोठी झाली ती पोरं! मी तोंड उघडलं, तेवढ्यात बायको म्हणाली, "तिचं खरं हाय. तुमी गप ऱ्हावा." त्या बाईच्या प्रश्नापेक्षा मला हा धक्का मोठा होता. माझी बायको एका क्षणाचाही विचार न करता तिच्या बाजूला गेली होती, जणू हा प्रश्न बायकांना लहानपणापासून पाठ असतो.

थोरल्यानं गाडी बंद केली. त्याचे कान लाल झाले होते.

"झोपंल कुठं ही?" त्या बाईनं विचारलं.

बायकोनं तिला मधली खोली दाखवली. "मी झोपते हिच्याजवळ." ती बाई गाद्या बघेना, खिडकी बघेना. दाराशी गेली, कडी लावली, हातानं हिसका दिला. कडीचे स्क्रू चौकटीतून अर्धे बाहेर आले. आमच्या घरात ती कडी वर्षानुवर्षं कुणी लावलेली नव्हती.

"ही धक्क्यानं निघतीय," ती म्हणाली.

मी गोदामात गेलो, मंडपाच्या सामानातली जाड लोखंडी कडी आणली, ड्रिल आणलं. चौकटीला नवी भोकं पाडली. थोरला न सांगता येऊन माझ्याजवळ बसला आणि एकेक स्क्रू माझ्या हातात देत गेला. त्यानं मान वर केली नाही. मीही त्याच्याकडं बघितलं नाही. ती बाई आमच्या डोक्याशी उभी राहून प्रत्येक स्क्रू किती आत गेला ते बघत होती.

कडी बसली. ती पोरीला घेऊन आत गेली. कडी लावल्याचा आवाज आला. मग आतून तिचा आवाज आला, "ढकला."

मी तळव्यानं दार ढकललं.

"तसं न्हाई. ज्याला आत यायचंय त्यो तसा ढकलतो व्हय?"

मी खांदा लावला. माझ्याच घराच्या दाराला. आत ती पोर होती, मला मामा म्हणणारी. दार हललं, कडी वाजली.

"अजून."

मी पाय रोवून जोर केला. मला घाम फुटला होता.

"आता तुमच्या पोरास्नी लावा."

मी काही म्हणायच्या आत थोरला उठला होता. धाकट्यानंही ओले हात पँटला पुसले. आम्ही तिघांनी एका दमात धडक दिली. चौकटीची माती पडली. आत पोर दचकून ओरडली, एकदाच. मला पोरांच्या तोंडाकडं बघवेना.

आतून कडी काढल्याचा आवाज आला. ती बाई एकटीच बाहेर आली. तिनं आमच्यापैकी कुणाकडंही बघितलं नाही. वाकून चौकटीतले स्क्रू एकेक करून अंगठ्यानं दाबून बघितले. मग पदर डोक्यावर घेतला, "येते, वैनी," एवढंच म्हणाली आणि ट्रॅक्टर गाठायला निघाली.